इम्युनिटीला लगाम घालणाऱ्या पेशी

"डॉक्टर, इम्युनिटी वाढायला काहीतरी लिहून द्या ना." कोविडची साथ ओसरल्यापासून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता माणूस खुर्चीत बसताना त्याच्या चेहऱ्यावरूनच ते येणार हे कळतं. पेणला बारावीच्या मुलाला घेऊन आलेली आई हे म्हणते, रोह्याला गुडघ्यांसाठी आलेले काका उठता उठता म्हणतात. बहुतेकांना मी पुरेशी झोप, साधं पोटभर जेवण आणि राहून गेलेल्या लसी एवढंच सांगतो. त्यांचा जरा हिरमोड होतो, पण नुकसान काही होत नाही.

काही रुग्णांना मात्र हीच इच्छा महागात पडते. त्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आवरत नसते. आजचा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, ते नेमकं प्रतिकारशक्तीला आवरणाऱ्या पेशींच्या शोधाला. त्या आठवड्यात सगळीकडे बातम्या आल्या आणि विरल्या. मी तेव्हा लिहिलं नव्हतं. पण नंतर एकाच महिन्यात दोन रुग्ण असे आले, की त्यांना समजावता समजावता हा लेख मनात तयार झाला. (ओळख पटू नये म्हणून दोघांचेही तपशील बदलले आहेत.)

पहिली पेणजवळच्या खारेपाटातली तेवीस वर्षांची मुलगी. गणपतीच्या कारखान्यात आखणीचं काम करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. पेणच्या कारखान्यात हे काम कुणाच्याही हाती देत नाहीत. तिच्या बोटांच्या पेरांवर आणि ओठांच्या कडेला पांढरे डाग उठले होते. कोड. घरच्यांना आधी वाटलं रंगामुळे झालं असेल. मग लग्न ठरलं, आणि मुलाकडच्या कुणीतरी विचारलं, "हे श्वेतकुष्ठ आहे ना? म्हणजे कुष्ठातलंच." तिच्या आईने पर्समधून एक डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर, तीन महिन्यांचा कोर्स, किंमत एका महिन्याच्या पगाराच्या आसपास.

दुसरा धाटाव एमआयडीसीतला कंत्राटी कामगार, वय चाळीसच्या घरात. त्याला खरोखरच कुष्ठरोग होता आणि सरकारी रुग्णालयातून औषधं चालू होती. तिसऱ्या महिन्यात त्याचे जुने चट्टे एकाएकी लाल होऊन सुजले, कोपरापासून करंगळीपर्यंत कळा मारू लागल्या आणि हातातून चहाचा ग्लास निसटायला लागला. "औषध उष्ण पडलं," असं त्याने ठरवलं, गोळ्या बंद केल्या आणि इम्युनिटी वाढवायचा काढा सुरू केला.

दोघांच्याही हातात एकच उपाय होता आणि दोघांच्याही आजाराला आपल्या भाषेने एकच आडनाव दिलं आहे. कुष्ठ आणि श्वेतकुष्ठ. हा दुसरा शब्द वापरातून जाईल तर फार बरं. कोड आणि कुष्ठरोग यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. कोड जंतूमुळे होत नाही, कुणाकडून कुणाला लागत नाही. एवढंच नव्हे, प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने पाहिलं तर हे दोन आजार जवळजवळ उलट्या टोकांना आहेत. ते कसं, हे कळायला त्या नोबेलवाल्या पेशींची ओळख करून घ्यावी लागेल.

आपल्या रक्तात टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. जंतूने शिरकाव केलेली पेशी ओळखणं, तिला मारणं, इतर पेशींना कामाला लावणं ही त्यांची कामं. प्रत्येक टी पेशीला एक विशिष्ट आकार ओळखता येतो आणि हे आकार शरीर आधीच, जंतू यायच्या आत, अक्षरशः चिठ्ठ्या टाकल्यासारखे बनवून ठेवतं. त्यामुळे पुढे कधीही न पाहिलेला विषाणू आला तरी त्याला ओळखणारी एखादी पेशी सापडतेच. पण चिठ्ठ्या टाकून बनवलेल्या या फौजेत आपल्याच शरीराचे भाग ओळखणाऱ्या पेशीही निघणार, हे उघड आहे. थायरॉइड ओळखणारी, सांधा ओळखणारी, त्वचेला रंग देणारी पेशी ओळखणारी.

यावरचा पहिला उपाय छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत होतो. तिथे टी पेशींची परीक्षा होते आणि "आपल्या" भागांवर चवताळून जाणाऱ्या पेशी तिथेच नष्ट केल्या जातात. ही परीक्षा इतकी कडक असते की शेकड्याने पेशी आत जातात आणि मोजक्याच बाहेर पडतात. बरीच वर्षं असं वाटत होतं की गोष्ट इथेच संपते. पण कितीही कडक परीक्षा असली तरी काही जण निसटतातच. तुमच्या-माझ्या रक्तात आत्ता या क्षणी आपलाच थायरॉइड ओळखणाऱ्या टी पेशी फिरत आहेत. मग सगळ्यांनाच थायरॉइड का होत नाही?

इथे मला खारेपाटाचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही, कारण बाहेरगावच्या वाचकांना ते ठाऊक नसतं आणि आमच्या लोकांना ते इतकं ठाऊक असतं की त्यात काही विशेष आहे असं वाटतच नाही. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध घालतात. पण नुसता बांध घालून भागत नाही. पावसाचं गोडं पाणी आतून बाहेर जायला हवं, नाहीतर पीक आपल्याच पाण्यात कुजतं. म्हणून बांधात उघाडी ठेवतात. भरती आली की झडप मिटते, ओहोटी लागली की उघडते. उघाडीकडे दुर्लक्ष करून कुणी नुसता बांधच उंच करत सुटला, तर त्याला आमच्याकडचा शाळकरी पोरगाही हसेल. इम्युनिटी वाढवा, वाढवा, वाढवा हे मला तसंच वाटतं.

शरीरातली उघाडी म्हणजे नियामक टी पेशी. इंग्रजीत त्यांना थोडक्यात टी-रेग म्हणतात, मीही तेच म्हणतो. रक्तातल्या मदतनीस टी पेशींमध्ये शंभरात साधारण पाच ते दहा या जातीच्या असतात. त्या स्वतः जंतू मारत नाहीत. चवताळलेल्या इतर पेशींना शांत करणं, लढाई संपल्यावर सूज उतरवणं, आपल्याच भागांवर निघालेल्या पेशींना वाटेत अडवणं हे त्यांचं काम. आपण रोज परकी प्रथिनं खातो, कोळंबी खातो, वाल खातो, आणि आतडं त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारत नाही. यातही त्यांचा मोठा वाटा आहे.

त्यांचा शोध सरळ लागला नाही. सत्तरच्या दशकात "दाबणाऱ्या टी पेशी" असतात अशी कल्पना फार गाजली होती. पुढे तिचे काही पुरावे टिकले नाहीत आणि ऐंशीच्या दशकात हा विषय इतका बदनाम झाला की त्यावर काम करणं म्हणजे हसं करून घेणं. जपानचे शिमोन साकागुची मात्र चिकटून राहिले. नागोयाच्या कर्करोग संशोधन संस्थेत त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चमत्कारिक गोष्ट पाहिली होती. उंदराच्या पिल्लाचा थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढला, तर प्रतिकारशक्ती लंगडी व्हायच्या ऐवजी पिसाट होते आणि स्वतःचेच अवयव पोखरते. साकागुचींनी अशा उंदरांना निरोगी उंदरांच्या टी पेशी टोचल्या, आणि आजार टळला. म्हणजे त्या पेशींमध्ये कुणीतरी आवरणारं होतं. ते कोण, हे सांगायला त्यांना आणखी दहाएक वर्षं लागली. १९९५ साली त्यांनी त्या पेशींच्या अंगावरची खूण दाखवून दिली, तिचं नाव सीडी-२५.

दुसरा धागा अमेरिकेतला. चाळीसच्या दशकात अणुबॉम्बच्या काळातल्या ओक रिज प्रयोगशाळेत किरणोत्सर्गाच्या अभ्यासासाठी उंदीर पाळले होते. त्यांच्यात काही नर पिल्लं खवलेदार त्वचेची, पांथरी आणि गाठी सुजलेली जन्मायची आणि काही आठवड्यांतच मरायची. त्यांना स्कर्फी म्हणत. मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी नव्वदच्या दशकात त्यामागचा जनुक शोधायचा ध्यास घेतला. शोध एक्स गुणसूत्राच्या एका तुकड्यातल्या वीस जनुकांवर येऊन ठेपला. एकेक तपासत गेले, एकोणीस निर्दोष निघाले, आणि विसाव्यात बिघाड सापडला. त्याचं नाव फॉक्सपी-३. २००१ साली हे जाहीर झालं, आणि दोनच वर्षांत साकागुचींनी दाखवून दिलं की टी-रेग पेशी घडवणारा जनुक हाच. नोबेल मिळालं तेव्हा हे रॅम्सडेल डोंगरात भटकायला गेले होते, फोन बंद ठेवून. नोबेल समितीला ते कित्येक तास सापडलेच नाहीत. मला हा माणूस आवडला.

फॉक्सपी-३ बिघडलेली माणसाची मुलंही असतात. त्या आजाराचं नाव आयपेक्स. बहुधा मुलगेच. जन्मल्यावर काही आठवड्यांत न थांबणारे जुलाब, अंगभर इसब, आणि तान्ह्या वयात मधुमेह. उघाडी नसलेलं शेत कसं असतं ते या बाळांमध्ये दिसतं. हा आजार अतिशय दुर्मीळ आहे, माझ्या आयुष्यात मी एकही बाळ पाहिलेलं नाही. पण निदानासाठी परदेशी जावं लागत नाही, हे सांगायला हवं. मुंबईत परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे, जवळच वाडिया बालरुग्णालय आहे. जन्मजात प्रतिकारशक्ती बिघडलेल्या मुलांचं निदान आणि उपचार यासाठी ही दोन्ही नावं देशभर ओळखली जातात. तान्ह्या बाळाला मधुमेह निघाला तर "असंच झालं असेल" म्हणून सोडू नका, जनुकीय तपासणीबद्दल विचारा.

आता आपल्या त्या मुलीकडे येऊ. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराच्याच मारेकरी टी पेशी हल्ला करतात. असा हल्ला चढवू शकणाऱ्या पेशी थोड्याफार सगळ्यांमध्ये असतात, मग याच व्यक्तीत त्या मोकाट का सुटल्या? बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या संशोधकांनी गुजरातमधल्या रुग्णांचं रक्त तपासून २०१३ साली लिहिलं की अंगभर पसरणाऱ्या कोडाच्या रुग्णांमध्ये टी-रेग पेशी निरोगी माणसांपेक्षा कमी असतात. इतर देशांतही असे निष्कर्ष आले आहेत. काहींनी संख्या नव्हे तर काम कमी पडतं असं म्हटलं आहे. तपशिलात मतभेद आहेत, पण दिशा एकच आहे: इथे लगाम सैल आहे.

तेव्हा त्या डब्याचं काय, हा प्रश्न उरतोच. पावडरीत नेमकं काय आहे हे डब्यावर नीट लिहिलेलंच नव्हतं. समजा तिने दावा केला तसा खरोखर परिणाम केला, म्हणजे टी पेशी आणखी चवताळवल्या, तर या मुलीला ते हवंय का? आणि परिणाम केला नाही, तर पैसे कशाचे? मी हे दोन्ही प्रश्न आईला विचारले. आईने डबा परत पर्समध्ये ठेवला. दुकानदार परत घेणार नाही म्हणाली.

तिच्यावर उपचार आहेत: मलमं, अतिनील किरणांची मर्यादित मात्रा, आणि अलीकडे प्रतिकारशक्तीचा एक विशिष्ट संदेश अडवणारी औषधं. हे सगळे उपचार, पाहा, प्रतिकारशक्ती आवरणारे आहेत. चेहऱ्यावरच्या डागांत रंग बऱ्यापैकी परततो. बोटांची टोकं आणि ओठ हट्टी असतात, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. थायरॉइडची तपासणी करायला सांगितली, कारण कोडाबरोबर तो बिघडलेला असण्याची शक्यता जास्त. आठवड्याने होणारी सासू आणि मावशी दवाखान्यात आल्या. एका ताटात जेवलं तर? मुलांना होईल का? नातेवाइकांमध्ये शक्यता थोडी वाढते, पण कोड असलेल्यांच्या बहुतेक मुलांना ते होत नाही, हे मी सांगितलं. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. लग्नाची तारीख पुढे गेली आहे, एवढं मला कळलं. का, ते मी विचारलेलं नाही.

धाटावच्या माणसाची गोष्ट गुंतागुंतीची आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सेनने १८७३ साली शोधला. तो फार संथ जंतू आहे आणि बहुसंख्य माणसांना त्याच्याविरुद्ध उपजतच प्रतिकार असतो. ज्यांना आजार होतो, त्यांच्यातही दोन टोकं दिसतात. एका टोकाला एक-दोन बधिर चट्टे, जंतू जवळपास नाहीत, कारण टी पेशी जोरात लढतायत. दुसऱ्या टोकाला अंगभर पसरलेला आजार, त्वचेत जंतूंचा सुकाळ, आणि टी पेशी? त्या जणू झोपलेल्या. गंमत म्हणजे हाच माणूस इतर जंतूंशी व्यवस्थित लढतो. फक्त या एका जंतूपुढे फौज गप्प बसते. ती का गप्प बसते, या कोड्यामागे डॉ. इंदिरा नाथ यांनी दिल्लीत अनेक दशकं घालवली. २०२१ मध्ये त्या गेल्या. २०१४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या गप्प बसलेल्या टोकाच्या रुग्णांमध्ये फॉक्सपी-३ असलेल्या टी-रेग पेशी वाढलेल्या असतात. म्हणजे इथे लगाम आवळलेला आहे, आणि फायदा जंतूचा होतोय.

मग अशा माणसाची इम्युनिटी वाढवली तर बरंच की, असं तुम्ही म्हणाल. त्यानेही हेच म्हटलं होतं.

कुष्ठरोगाच्या उपचारात, कधी आधी तर कधी नंतरही, "रिअॅक्शन" नावाची घटना घडते. ही औषधाची अॅलर्जी नव्हे. झोपलेली फौज एकदम जागी होते आणि मेलेल्या-जिवंत जंतूंवर तुटून पडते. पण हे जंतू राहतात कुठे? त्वचेत आणि नसांमध्ये. लढाई नसेच्या आत होते. नस सुजते, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत कायमची मरू शकते. कुष्ठरोगात वाकडी झालेली बोटं, पडलेला तळवा, न मिटणारा डोळा आपण पाहतो, त्यातला मोठा भाग जंतूने थेट केलेला नसतो. या लढाईने केलेला असतो. नाथ यांच्या गटाने २०१६ साली रिअॅक्शन आलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला: सूज वाढवणाऱ्या टी पेशी वाढलेल्या, टी-रेग कमी झालेल्या. आवळलेला लगाम एका झटक्यात सुटलेला.

म्हणजे एकाच रोगात, कधी एकाच माणसात, दोन्ही दुःखं. जंतू मारायला औषध हवंच, म्हणून बहुविध औषधोपचार थांबवायचे नाहीत. आणि त्याच वेळी नस वाचवायला प्रतिकारशक्ती काही काळ दाबायची, म्हणून स्टेरॉइड, काही महिने, हळूहळू कमी करत. त्या माणसाने गोळ्या बंद केल्या आणि वर काढा घेतला. काढ्याने त्याची नस बिघडवली असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण काढ्याच्या भरवशावर त्याचे तीन आठवडे गेले, आणि नसेच्या बाबतीत तीन आठवडे म्हणजे फार. आम्ही त्याला त्याच दिवशी परत सरकारी रुग्णालयात पाठवलं, स्टेरॉइड सुरू झालं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आज त्याची पकड बरीच सुधारली आहे, बॉयलरजवळचं काम सोडून तो पॅकिंगला लागला आहे. करंगळीची संवेदना मात्र परत आलेली नाही. बिडी बोटाला चटकते आणि कळत नाही. बिडी सोडा म्हणालो तर हसला.

काढ्यांचा विषय निघालाच आहे तर मुंबईतली एक नोंद सांगतो. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत, लोक इम्युनिटीसाठी घरोघर गुळवेल घेत होते तेव्हा, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतलेली. यकृताच्या तपासणीत चित्र दिसलं ते ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं, म्हणजे प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखं. त्यातला एक रुग्ण दगावला. हा अहवाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. मी माझ्या रुग्णांना सांगतो ते इतकंच: थायरॉइड, संधिवात, ल्युपस, कोड, सोरायसिस यांपैकी काही असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर गुळवेल घेऊ नका. आणि घेतच असाल तर माझ्यापासून लपवू नका.

संधिवातावरून आठवलं. आमवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइडच्या, काही बायका सांगतात की गरोदरपणात हात अजिबात दुखले नाहीत आणि बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांत पुन्हा जखडले. घरात याला "बाळंतपणात वात शिरला" म्हणतात आणि सुनेने पंख्याखाली झोपल्याचा दोष काढतात. पोटातलं बाळ अर्धं वडिलांचं, म्हणजे आईच्या शरीरासाठी अर्धं परकं. ते टिकावं म्हणून गरोदरपणात टी-रेग वाढतात. त्याचा फायदा सांध्यांनाही होत असावा. बाळंतपणानंतर ते बळ ओसरतं. पंख्याचा काही दोष नाही. बाईला औषधाची गरज आहे, आणि स्तनपान चालू असताना चालणारी औषधं आहेत.

आणि कर्करोग. गाठ आपल्याभोवती टी-रेग पेशी गोळा करते आणि त्यांच्या आडोशाला वाढते. इथे मात्र लगाम सोडायचा असतो. मिश्री, तंबाखू, गुटखा यांमुळे तोंडाचा कर्करोग आपल्या भागात घराघरात ओळखीचा आहे, म्हणून सांगतो: टी पेशींचा पीडी-१ हा ब्रेक सोडवणारं निवोलुमॅब नावाचं औषध आहे, भयंकर महाग. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ते नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, बाकीच्या स्वस्त गोळ्यांबरोबर देऊन पाहिलं. डोकं आणि मान भागातला बरा न होणारा कर्करोग असलेल्या रुग्णांमध्ये वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. ही जगभर वाखाणली गेलेली गोष्ट आहे आणि ती परळला झाली. या जातीच्या औषधांचे दुष्परिणाम कोणते? थायरॉइडची सूज, आतड्याची सूज, फुप्फुसाची सूज, क्वचित मधुमेह. ब्रेक सोडला की गाडी कुठे कुठे आदळते, याची ही यादीच आहे.

मग टी-रेग वाढवायची गोळी आहे का? हा प्रश्न मला आत्ताच दिसतोय, कारण उद्या कुणीतरी "टी-रेग बूस्टर" घेऊन येईलच. नाही. त्यांना वाढवणारी इंजेक्शनं, रुग्णाच्याच टी-रेग बाहेर काढून वाढवून परत देणं, यांवर प्रयोग चालू आहेत. तुमच्या-माझ्या दवाखान्यात यातलं काहीही आलेलं नाही. आहारातल्या चोथ्यापासून आतड्यातले जंतू जे पदार्थ बनवतात ते टी-रेगना पोसतात, हे उंदरांमध्ये छान दिसलं आहे. माणसांत तितकं स्पष्ट नाही. पण वाल, पावटे, भाज्या, नाचणी खायला नोबेलची वाट कशाला पाहायची? थंडीत शेतावर पोपटी लावाल तेव्हा वालाच्या शेंगा जास्त आणि कोंबडी जरा कमी, एवढं माझं ऐकलंत तरी पुरे.

टाइप १ मधुमेहाच्या मुलांच्या आयांना एक वेगळं सांगायचं आहे. तुमच्या मुलाची "इम्युनिटी वीक" नव्हती. त्याच्या प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. यात तुम्ही गरोदरपणी काय खाल्लं, त्याला अंगावरचं किती महिने पाजलं, याचा हिशेब कुणी मागत असेल तर देऊ नका. आणि कुठलीही पावडर सुरू करण्यासाठी इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका. त्या आजारात इन्सुलिन बंद करणं जिवावर बेतू शकतं.

डागांबद्दल शेवटी व्यवहाराचं. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो आणि त्यावर स्पर्श नीट कळतो. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा पूर्ण पांढरा नसतो, फिकट किंवा लालसर असतो, आणि तिथे कापसाचं टोक फिरवलेलं कळत नाही, घाम येत नाही, केस गळतात. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात बधिरपणा नसू शकतो, म्हणून नुसत्या कापसावर निर्णय घेऊ नका. शंका आली तर पेण, रोहा किंवा तुमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, आशाताईंनाही विचारता येईल. कुष्ठरोगाची औषधं मोफत मिळतात, सहा किंवा बारा महिन्यांत कोर्स संपतो, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका जातो. त्याला वेगळं ताट, वेगळी खोली लागत नाही. औषध चालू असताना चट्टे सुजले, नस दुखली, हातातून वस्तू पडू लागली किंवा डोळा लाल झाला, तर ते औषध "उष्ण पडलेलं" नाही. गोळी त्या दिवसाचीही चुकवू नका, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा.